मागनं येणारा घोडा आणि टायमिंगचा आकडा : वाचकांचे प्रश्न

पुण्याचा सीझन सुरू झाला की या पानाकडं रेसची पत्रं यायला लागतात आणि यावेळी बरीचशी पत्रं एकाच विषयावर आलीत, मागून येणारे घोडे म्हणजे आपण ज्यांना फिनिशर म्हणतो त्यांचं टायमिंग कसं वाचायचं, त्यांच्यावर लावायचं की नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातनं पुणं हायवेनं सरळ आहे, बेंगळूर लांब पडतं, म्हणून आपली बहुतेक मंडळी पुण्याच्याच रेस बघतात. पत्रं लांबलचक होती, मी कापून घेतलीत आणि नावं दिलेली नाहीत.

प्रश्न (निपाणी) : मी प्रत्येक रेसचं टायमिंग वहीत लिहून ठेवतो, वहीच्या पानाचा फोटो सोबत जोडलाय. एक घोडा १६०० मीटरला सगळ्यात मागनं येऊन जिंकला, टायमिंग पण भारी, माझ्या वहीत त्याचा आकडा सगळ्यात वर. पुढच्या रेसला मी त्याच्यावर लावलं खरं तो पाचवा आला, आणि जो एकटा सुटून पुढं गेला होता तोच शेवटपर्यंत पुढं राहून जिंकला. सगळे म्हणालेत जॉकीनं मुद्दाम ओढून धरला, पळू दिला नाही. आकडा चुकला की जॉकी?

दादा, जॉकीवर एवढ्यात जाऊ नका. तुमची वही नीट बघितली, अक्षर सुंदर आहे आणि काम मनापासून केलंय, पण त्यात एक रकाना नाही आणि तुमचं उत्तर त्या रकान्यातच आहे. तुम्ही पूर्ण रेसचं टायमिंग लिहिलंय, पहिले १००० मीटर किती सेकंदात झाले आणि शेवटचे ६०० किती सेकंदात हे कुठंच नाही. पुढं पळणाऱ्या घोड्याला एकवेळ चालतं, मागून येणाऱ्याला हे नसेल तर आकडा अर्धाच.

दोन रेस धरू, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी घेतलेत. दोन्ही १६०० मीटर, दोन्ही १ मिनिट ३८ सेकंदात संपल्या. पहिल्या रेसमध्ये तीन-चार घोडे सुरुवातीपासून एकमेकांशी भिडले, पहिले १००० मीटर ६० सेकंदात मारले आणि मग दम गेला, शेवटच्या ६०० ला ३८ सेकंद लागले. आपला फिनिशर ६०० च्या खांबाजवळ, म्हणजे शेवटाला ६०० मीटर उरले तिथं, १२ लेंग्थ मागं होता आणि तरी जिंकला. एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी, साधारण २.४ मीटर आणि घोडा सेकंदाला १६ मीटर जातो असं धरलं तर एका लेंग्थला ०.१५ सेकंद, म्हणजे १२ लेंग्थला १.८ सेकंद. त्याचे स्वतःचे पहिले १००० झाले ६१.८ सेकंदात आणि शेवटचे ६०० झाले ३६.२ मध्ये. दर २०० मीटरला काढा, आधी १२.३६ आणि नंतर १२.०७, जवळजवळ एकच चाल! स्टँडमधनं बघताना वाटतं घोडा उडत आला, प्रत्यक्षात तो आपल्या चालीनं येत होता आणि पुढचे थांबत थांबत त्याच्याजवळ आले.

दुसऱ्या रेसमध्ये पुढच्यानं निवांत नेलं, पहिले १००० मीटर ६२.५ सेकंदात, मग शेवटचे ६०० फक्त ३५.५ मध्ये. इथला फिनिशर ६०० च्या खांबाजवळ ५ लेंग्थ मागं होता आणि शेवटी २ लेंग्थनं हरला. त्याचा हिशोब केला तर पहिले १००० झाले ६३.२५ मध्ये आणि शेवटचे ६०० झाले ३५.०५ मध्ये, पूर्ण टायमिंग ९८.३. तुमच्या वहीत हा खाली आणि पहिला वर. मी मात्र पुढच्या वेळी या दुसऱ्याकडं आधी बघेन, कारण एकसारख्या चालीनं पळताना ताकद सगळ्यात कमी वाया जाते, म्हणजे पहिल्या घोड्याला हवी तशी रेस मिळाली आणि ९८ हा त्याचा जवळजवळ कळस झाला, यापेक्षा वर जायला त्याच्याकडं फार काही उरलेलं नाही. दुसऱ्याला त्याच्या उलट रेस मिळाली, आधी नको तेवढं हळू आणि मग एकदम जोर, तरी तो ९८.३ ला आला, म्हणजे बरोबर रेस मिळाली तर तो याहून कमी वेळात येईल. आता मला हळू पेसमध्ये, म्हणजे पुढच्यांनी सुरुवातीला हळू नेलेल्या रेसमध्ये, शेवटचे ६०० सगळ्यांचेच चांगले दिसतात हेही धरावं लागतं, म्हणून ३५.०५ ची तुलना मी त्याच रेसमधल्या बाकीच्या घोड्यांशी करतो, दुसऱ्या रेसमधल्या ३६.२ शी थेट करत नाही.

तुमचा घोडा पाचवा आला ते का, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. एकटा घोडा सुटला, त्याला कोणी छेडलं नाही, त्यानं आरामात नेलं आणि शेवटी त्याच्याकडं जोर शिल्लक होता. अशा रेसमध्ये मागनं येणारा चांगला पळूनसुद्धा पोचत नाही.

याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं सांगतो, ७ मे २०२२ ची केंटकी डर्बी. पहिला पाव मैल २१.७८ सेकंदात आणि अर्धा मैल ४५.३६ मध्ये गेला, दोन हजार मीटरच्या रेसला हा वेग म्हणजे पुढच्यांनी स्वतःचाच घात केला, आणि वीस घोड्यांच्या रेसमध्ये अगदी मागं असलेला रिच स्ट्राइक ८० ला १ च्या भावाला, म्हणजे एका रुपयाला ऐंशी, जिंकला. त्यानंतर तो घोडा एकही रेस जिंकला नाही. त्या दिवशी तो पळाला ते खरंच पळाला, त्यात खोटं काही नव्हतं, पण तो आकडा परत यायला तसलीच रेस परत हवी होती. आणि याच्या उलट १९७३ चा सेक्रेटेरियट, त्याच डर्बीत सुरुवातीला मागं होता आणि त्याचे पाच पाव मैल असे : २५.२, २४.०, २३.८, २३.४, २३.०. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा वेगात! त्याला पुढच्यांच्या दमण्याची गरजच नव्हती. असा घोडा आपल्या वहीत आयुष्यात एखादा आला तरी खूप.

तेव्हा फिनिशरवर लावायच्या आधी रेसकार्डात फिनिशर बघायचाच नाही, आघाडी मारणारे मोजायचे. मागच्या दोन-तीन रेसमध्ये कोण कोण पुढं होतं त्यांच्यावर खूण करा. एकच खूण झाली तर फिनिशर कितीही आवडता असू दे, पैसे खिशात ठेवा. तीन झाल्या तर वही उघडा.

प्रश्न (खानापूर) : स्पीड फिगर, स्पीड फिगर सगळे बोलतात, हे नक्की काढतात कसं? अमेरिकेचं गणित आपल्याकडं चालतं का? मी बीकॉम झालोय, गणिताची भीती नाही.

मग तुमच्यासाठी सोपं आहे. स्पीड फिगर म्हणजे टायमिंगवरनं काढलेला घोड्याच्या वेगाचा आकडा. अँड्र्यू बेयर म्हणून अमेरिकेतले रेसवर लिहिणारे, त्यांनी १९७५ च्या पुस्तकात ही पद्धत लोकांसमोर मांडली आणि १९९२ पासून तिथल्या डेली रेसिंग फॉर्म या रेसच्या पेपरात प्रत्येक घोड्यासमोर त्यांचा आकडा छापून यायला लागला. इंग्लंडमध्ये त्याच्याही आधी फिल बुल यांनी टायमिंगवर काम केलं होतं, घोड्यांना गुण देणारं टाइमफॉर्म त्यांचंच. मुळातला विचार असा की नुसतं टायमिंग काही सांगत नाही, त्या दिवशी ट्रॅक कसा होता ते वजा केल्याशिवाय.

आधी आपल्याच वहीतनं प्रत्येक अंतराचं आणि प्रत्येक क्लासचं, म्हणजे घोड्यांच्या दर्जाच्या गटाचं, नेहमीचं टायमिंग काढा, जिंकणारा साधारण किती सेकंद घेतो ते, आणि एकाच कोर्सचं. पुण्याचं पुण्याला, मुंबईच्या महालक्ष्मीचं महालक्ष्मीला, बेंगळूरचं बेंगळूरला. मग एका दिवसाच्या सगळ्या रेस घ्या आणि बघा प्रत्येक रेस नेहमीपेक्षा किती हळू किंवा वेगात झाली. समजा १२०० मीटरला नेहमीचे ७१ सेकंद आहेत, जिंकलेल्याला ७२ लागले आणि त्या दिवशीच्या बाकी रेसही १२०० मीटरच्या मानानं साधारण ०.८ नं हळू आल्या, तर ट्रॅकच जड होता, त्याचे ०.८ वजा करा, घोड्याचं खरं टायमिंग ७१.२. तुमचा घोडा ३ लेंग्थ मागं असेल तर ०.४५ मिळवा, ७१.६५. हे सेकंद गुणांमध्ये बदलायचे असतील तर लक्षात ठेवा की छोट्या अंतराला एका लेंग्थची किंमत जास्त आणि लांब अंतराला कमी, कारण १००० मीटरमध्ये एवढासा फरकसुद्धा मोठा असतो.

इथं एक गोष्ट फिनिशरवाल्यांनी खास बघावी. जुन्या हिशोबात एक लेंग्थ म्हणजे ०.२ सेकंद धरतात, बोलायला सोपं म्हणून. दोन लेंग्थनं हरलेल्या घोड्याला याचा काही फरक पडत नाही, पण ६०० च्या खांबाजवळ १० लेंग्थ मागं असलेल्याला ०.२ धरलं तर २ सेकंद आणि ०.१५ धरलं तर दीड सेकंद. अर्ध्या सेकंदाचा फरक म्हणजे सव्वातीनच्या वर लेंग्थ, आणि तेवढ्यात रेसचा निकाल फिरतो! मागून येणाऱ्यांचे आकडे लोक फुगवून धरतात ते बऱ्याचदा इथंच. आणि जो घोडा हरल्यावर जॉकीनं शेवटी सोडून दिला त्याच्या लेंग्थ मोजूच नका, त्या आकड्याला अर्थ नाही.

आपल्याकडं चालतं का, तर चालतं पण जसंच्या तसं नाही. बेयर यांचं काम मुख्यतः अमेरिकेच्या मातीच्या ट्रॅकवर उभं राहिलं, तिथं घोडे गेट उघडल्यापासून तुफान जातात, म्हणून पूर्ण टायमिंगमध्ये घोड्याची कुवत दिसते. आपल्याकडं गवत, आणि गवतावर जॉकी आधी राखून नेतात, खरी लढाई शेवटच्या ६०० मध्ये. लांब अंतराच्या रेसला तर कित्येकदा पूर्ण टायमिंग इतकं हळू येतं की चांगल्या घोड्याचा आकडाही मामुली दिसतो. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्या वहीत पूर्ण टायमिंगचा रकाना आणि शेवटच्या ६०० चा रकाना शेजारी शेजारी हवेत, आणि १६०० च्या पुढच्या रेसला दुसरा आधी वाचायचा. रेसचा व्हिडिओ लावा, मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या, पुढचा घोडा ६०० च्या खांबाला आला की चालू आणि जिंकणारा शेवटच्या खांबाला, म्हणजे पोस्टला, आला की बंद. दोन-तीनदा मोजून मधला आकडा घ्या. घोड्याच्या पाठीवरचं वजन मी आकड्यात मिसळत नाही, बाजूला लिहून ठेवतो, कारण एकदा मिसळलं की आपण नक्की काय बघतोय तेच कळेनासं होतं.

प्रश्न (अथणी) : माझा एक आवडता घोडा आहे, नेहमी शेवटच्या १०० मीटरला येतोय आणि दुसरा नाहीतर तिसरा. अंतर वाढवलं की जिंकेल असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

कधी कधी. आधी बघा तो शेवटी वेग वाढवत येतो की नुसता तोच वेग टिकवतो. वर निपाणीच्या दादांना सांगितलं तसं मोजलं आणि शेवटच्या २०० मध्ये तो त्याच्या आधीच्या २०० पेक्षा हळू असूनही पुढच्यांना गाठत असेल, तर अंतर वाढवून उपयोग नाही, तोही दमतोच आहे, फक्त बाकीच्यांपेक्षा कमी. वेग वाढत असेल तर जरूर २०० मीटर जास्तीचं अंतर त्याला मानवेल.

दुसरं म्हणजे अशा घोड्यावर दर वेळी विनच, म्हणजे तो पहिलाच येईल असं, खेळायचं असं कुणी सांगितलं? टोटवर, म्हणजे क्लबच्या स्वतःच्या पैजेच्या खिडकीवर, सेकंड हॉर्स पूल असतो, घोडा बरोबर दुसरा आला तरच पैसे, आणि पहिल्या काही घोड्यांत आला तरी पैसे देणारी प्लेस तर आहेच. मागून येणाऱ्याला वाट मिळाली नाही, दोन घोड्यांच्या मागं अडकला, बाहेरून फिरावं लागलं, एवढ्या गोष्टी त्याच्या हातात नसतात आणि पुढं पळणाऱ्याला यातलं काहीच सोसावं लागत नाही. त्यामुळं चांगले फिनिशर दुसरे-तिसरे फार येतात. तुमच्या घोड्यानं विनचे पैसे खाल्ले असतील, प्लेसला तो तुमचा मित्र निघू शकतो.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : माझा प्रश्न घोड्याचा नाही. आमचे हे आधी रविवारी मित्रांबरोबर पुण्याला जायचे, ते ठीक होतं. आता रोज फोनवर कुणाकडं तरी लावतात, वहीत आकडेच आकडे, म्हणतात हा अभ्यास आहे, सुप्रीम कोर्टानं पण म्हटलंय. सोसायटीचं कर्ज काढलंय ते मला पासबुकावरनं कळलं. मी काय करू?

ताई, हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं आणि बाकीची बाजूला ठेवली.

सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीत कौशल्य आहे असं म्हटलंय हे खरं. पण त्याचा अर्थ फोनवरच्या माणसाकडं लावणं कायदेशीर होतं असा नाही. रेस क्लबच्या टोटवर किंवा तिथल्या परवानाधारक बुकीकडं लावणं वेगळं आणि गल्लीतल्या, फोनवरच्या माणसाकडं लावणं वेगळं, ते बेकायदा आहे, तिथं पैसे बुडाले तर कुठं दादही मागता येत नाही आणि उधारीवर खेळायला मिळतं हेच त्यातलं सगळ्यात वाईट. अभ्यासाचं म्हणाल तर जो खरा अभ्यास करतो तो बहुतेक रेस सोडून देतो. दिवसाच्या सात-आठ रेसमधल्या एक-दोनच खेळण्याजोग्या असतात, कधी एकही नाही. रोज, प्रत्येक कोर्सला, प्रत्येक रेसला लावणं याला आकड्यांचा आधार असूच शकत नाही, हे मी आकड्यांवर प्रेम करणारा माणूस म्हणून सांगतोय.

आज एवढं करा. सोसायटीत जाऊन कर्ज किती, हप्ता किती आणि जामीन कोण ते लेखी घ्या. घरखर्चाचा पैसा आणि दागिने तुमच्या नावावरच्या खात्यात आणि लॉकरमध्ये न्या, तुम्ही कशावरही सही करू नका. फोनवाल्याचं देणं आहे का ते त्यांना शांतपणे विचारा, भांडून विचारलं तर लपवतील. आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारचा टेली मानस नंबर आहे, फोन फुकट आहे, खेळण्याचं व्यसन हाही त्यांच्याच कामाचा भाग, आधी तुम्ही एकटीनं फोन केला तरी चालतो. मला परत पत्र लिहा.

प्रश्न (चिकोडी तालुका) : आमच्या भागात जत्रेला घोडागाडी शर्यत असते, तिथं पण मागनं येणारं घोडं असतंय. तिथं हे टायमिंग चालेल का?

नाही चालणार, आणि चालवायचा प्रयत्नही करू नका. अंतर दर वेळी वेगळं, रस्ता कधी डांबरी कधी शेताडीचा, वळसा कुठून घ्यायचा ते गावागणिक बदलतं, नेहमीचं टायमिंग काढणार कशावरून? तिथं डोळाच लागतो आणि तो तुमच्याकडच्या जुन्या गाडीवानांकडं आहे. शर्यत बघायला मजा आहे, घोड्याला चाबूक किती बसतोय हे मात्र बघत जा.

प्रश्न (हिंडलगा) : सकाळच्या ट्रॅकवर्कमध्ये ६००/४० असं लिहिलेलं असतं. यावरून फिनिशर ओळखता येतो का? आणि भाव किती मिळाला तर लावायचं?

६००/४० म्हणजे सकाळी ६०० मीटर ४० सेकंदात पळवला. त्यावरून घोडा तंदुरुस्त आहे, आजारी नाही एवढं कळतं, फिनिशर आहे का ते नाही. सकाळी घोडा एकटा किंवा जोडीनं पळतो, पाठीवर कोण बसलंय आणि त्यानं किती ढिलं सोडलं हे आकड्यात नसतं.

भावाचं मात्र नीट लिहून घ्या. समजा तुमच्या अभ्यासानं एक फिनिशर पाचातनं एकदा जिंकेल. कर नसता तर ४ ला १ भावाला बरोबरी, त्याच्या वर फायदा. पण रेसवर १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. १०० च्या पैजेमागं ४० कर धरला तर खर्च १४०, पाच वेळा लावलं की ७००, आणि जिंकणार एकदाच, त्या एकदात ७०० परत यायला हवेत म्हणजे नुसत्या बरोबरीला ६ ला १ भाव हवा. मागच्या रेसमध्ये स्टँडला उभं करणारा फिनिश मारलेल्या घोड्याला असा भाव कधी मिळत नाही, तो सगळ्यांनी बघितलेला असतो. मिळतो तो हळू पेसमध्ये अडकलेल्या, चौथ्या-पाचव्या आलेल्या घोड्याला, ज्याचे शेवटचे ६०० कुणी मोजलेले नाहीत.

पावसाचं अनेकांनी विचारलंय त्यांना इथंच सांगतो. पुण्यात जुलै-ऑगस्टला ट्रॅक मऊ असतो, क्लब पेनेट्रोमीटरचा, म्हणजे जमीन किती मऊ ते मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा देतो, आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. मऊ जमिनीवर पुढचे लवकर दमतात म्हणून फिनिशर चालतील असं समजून लावू नका, कित्येक फिनिशरना चिखलात तो झटकाच मारता येत नाही, त्याच घोड्याची आधीची मऊ ट्रॅकवरची रेस शोधा. फॉल्स रेल, म्हणजे आतली बाजू वाचवायला बाहेर सरकवून लावलेला तात्पुरता कठडा, कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत लावलीय तेही लिहून ठेवा, ती लावली की बेंडवर, म्हणजे वळणावर, घोड्यांना जास्त पळावं लागतं आणि टायमिंग आपोआप हळू येतं, आणि ती स्ट्रेटच्या, म्हणजे शेवटच्या सरळ पट्ट्याच्या, आधी संपत असेल तर आतल्या बाजूला जागा उघडते, मागनं येणाऱ्याला वाट मिळते. हा एक रकाना निपाणीच्या दादांनीही वहीत वाढवावा.